पाइपच्या दांडीची गोष्ट

मंडळी, चावडीवर फिरणारी चिलीम आपण पाहिली आहे. ओढणारा तिच्या बुडाशी ओली छापी गुंडाळतो, कारण माती तापते आणि ओठ भाजतात. साहेबाच्या पाइपलाही हीच अडचण होती. त्याने छापीऐवजी दांडी लांबवली.

सतराव्या शतकात इंग्लंड-हॉलंडमध्ये पांढऱ्या मातीचे पाइप ओढीत. त्यांच्या दांड्या लवकर मोडत. शिक्षक मित्रांना एक गंमत सांगतो. सुरुवातीला ह्या दांडीचे भोक साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असे, ते अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दीड मिलिमीटरच्या घरात आले. जे. सी. हॅरिंग्टन ह्या अमेरिकन संशोधकाने १९५४ मध्ये हे दाखवून दिले. तेव्हापासून उत्खननात सापडलेले तुकडे मोजून वस्तीचा काळ ठरवता येऊ लागला. उकिरड्यावर टाकलेली वस्तू अशी इतिहासाच्या कामी येते!

पुढे लाकूड आले. फ्रान्सच्या पूर्वेस जुरा डोंगरात सें-क्लोद नावाचे गाव आहे. तिथले कातारी यात्रेकरूंसाठी जपमाळा व लाकडी वस्तू कातून देत. १८५०च्या सुमारास त्यांच्या हाती ब्रायर आले. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी ही गाठ. ती तासन् तास उकळून महिनोन् महिने वाळवली, म्हणजे विस्तवाला दाद देत नाही. वाटी ब्रायरची झाली, पण दांडीचे काय? शिंग दातांखाली सोलते, अंबर महाग आणि ठिसूळ, आणि नुसते लाकूड लाळेने फुगून चिरते.

उत्तर रबराने दिले. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले. त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये कठीण रबराचे पेटंट घेतले. तेच एबोनाइट. दातांना मऊ, कानशीला सोपे. खोड एकच, उन्हाने ते हिरवट पडते आणि गंधकाची चव जिभेवर येते. १९३०नंतर अॅक्रिलिक बाजारात आले, युद्धात विमानांच्या खिडक्यांना लागले आणि युद्धानंतर पाइपच्या दांडीलाही. ते हिरवे पडत नाही, पण दातांना कठीण लागते.

आता लाकूड आणि अॅक्रिलिक एकत्र कसे करतात ते पाहू. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचे. अॅक्रिलिकच्या कांडीचे एक टोक लेथवर बारीक कातून त्याचे कुसू करायचे आणि ते एपॉक्सीने त्या भोकात पक्के बसवायचे. म्हणजे लाकूड बाहेरून दिसते, पण ओला धूर आतून अॅक्रिलिकमधूनच जातो. हीच खरी खुबी आहे. चिकटवलेले रात्रभर तसेच ठेवायचे, घाई केली तर सांधा लेथवर सुटतो. मग दोन्ही एकत्र कातायचे, धुराची वाट पाडायची आणि दातांकडच्या टोकाला ती चपटी, रुंद करायची. दांडी वाकवायची असेल तर अॅक्रिलिकचाच भाग तापवायचा, कारण लाकूड तसे वाकत नाही. वाकवताना भोक दबू नये म्हणून आत तार घालतात. शेवटी कानस, पॉलिशपेपर आणि कापडाच्या चाकावर चकाकी.

एवढा खटाटोप धूर निववण्यासाठी! पण धूर निवला तरी विष राहतेच. झ्योमेरिंग ह्या जर्मन वैद्याने १७९५ मध्येच लिहून ठेवले होते की, पाइप ओढणाऱ्यांना ओठाचा कर्करोग अधिक होतो, विशेषतः खालच्या ओठाला, जिथे दांडी टेकते. माझे चुलते चिलीम ओढीत. त्यांच्या खालच्या ओठावर गाठ आली, तेव्हा ते आम्हाला म्हणत, "अरे, मी तर छापी रोज धुतो!" डॉक्टरांकडे जाईपर्यंत आठ महिने गेले होते.