ताण, दिशा आणि वीज

लाकूड फोडणाऱ्याला विचारा. कुऱ्हाड रेषांच्या दिशेने घातली तर ओंडका सहज दुभंगतो. आडवी घातली तर कुऱ्हाडच अडकून बसते. पदार्थाला दिशा असते, हे आपल्या शिरगावच्या सुताराला कुणी शिकवावे लागले नाही. विजेच्या बाबतीत मात्र ही गोष्ट उमगायला फार काळ गेला.

१८५६ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी लोखंडाच्या व तांब्याच्या तारा ताणून पाहिल्या. ताणलेली तार विजेला अधिक रोध करते, आणि लोखंडात ही वाढ तांब्याहून जास्त असते, असे त्यांना आढळले. १९३८ साली अमेरिकेत आर्थर रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाकीवर येणारा ताण मोजू पाहत होते. त्यांनी बारीक तार चिकटवून तिच्या रोधावरून ताण ओळखला. एडवर्ड सिमन्स यांनाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली. आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या पोटात तीच कल्पना आहे.

इथे आमचा संबंध येतो. एका कारखान्यात मजुरी वजनावर मिळे. नवा काटा आला आणि कामगार कुरकुरू लागले. ‘यंत्र खोटे बोलत नाही,’ असे वरून उत्तर आले. खरेच आहे, पण यंत्र धातूचे वाकणे सांगते, किलो नव्हे. त्या वाकण्याचे किलो कोणी ठरवले, हे विचारायला पदवी लागत नाही. प्रमाणित वजन मध्यावर ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर ठेवा, आणि आकडे आमच्यासमक्ष वाचा, एवढीच आमची मागणी होती. एका कोपऱ्यावर आकडा कमी आला. काटा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला.

खरी नवलाई १९५४ सालची. बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन व जर्मेनियमच्या स्फटिकांना ताण दिला. रोधातला फरक धातूच्या कितीतरी पट निघाला, शिवाय तो दिशेप्रमाणे बदलला. मोकळ्या सिलिकॉनमध्ये वीज सर्व दिशांना सारखीच वाहते. ताण पडला की ही समता मोडते. त्यातल्या विद्युत्कणांना जणू सहा सारख्या दऱ्या असतात. दरीतला कण एका दिशेला जड, उरलेल्या दोन दिशांना हलका. ताणाने काही दऱ्या खाली जातात, काही वर येतात. कण खालच्या दरीत गोळा होतात आणि वाट बदलते. २००३ पासून संगणकाच्या चिपमध्ये सिलिकॉन मुद्दाम ताणून वापरू लागले, कारण त्यात कण अधिक चपळ धावतात.

आता लोकलने गाठता येईल अशा मुंबईची गोष्ट. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचे पापुद्रे असतात. पापुद्र्यातून वीज सहज जाते, एका पापुद्र्यातून दुसऱ्यात कष्टाने. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंदार देशमुख यांच्या गटाने असे दोन दुहेरी पापुद्रे किंचित फिरवून एकावर एक ठेवले. त्या रचनेतल्या अल्पशा ताणाने तिची सममिती मोडली होती. त्यामुळे चुंबकाशिवायच प्रवाहाला आडवा विद्युत्दाब उमटला, आणि त्यावरून कणांच्या अवस्थेतला बदल ओळखता आला. हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले.