वडाळ्याची मंडळी

कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. म्हणून महबूल्यात राहणारे आम्ही ख्रिस्ती मराठी लोक रविवारची उपासना शुक्रवारी करतो. कुवेत शहरातील नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात एकाच दिवशी कितीतरी भाषांतील प्रार्थना ऐकू येतात. त्या गर्दीत उभी असताना माझ्या मनात येते ते नेवासे तालुक्यातील वडाळा बहिरोबा. गिरमिटावर परमुलखात गेलेल्यांच्या वंशजांसाठी या स्मरणिकेत काही लिहा असे सांगण्यात आले, तेव्हा त्याच गावच्या मंडळीचा इतिहास सांगावा असे वाटले. तो गाव न सोडलेल्या गरिबांचा इतिहास आहे. तुमच्या पूर्वजांचे जे भाऊबंद मागे राहिले, त्यांच्यापैकी काहींचे पुढे काय झाले, ते यातून कळते.

गिरमिटाची पद्धत 1834 साली मॉरिशसमध्ये सुरू झाली आणि 1917 साली नवी भरती थांबली. याच काळात नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, 1813 साली मुंबईला उतरले. 1831 साली मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. सॅम्युएल फेअरबँक 1846 साली भारतात आले आणि 1857 च्या सुमारास वडाळ्यास राहू लागले. पुढची तीसेक वर्षे तेच त्यांचे गाव झाले. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. पळणीच्या डोंगरातील एका पक्ष्याला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे.

मेथडिस्ट पंथ आमच्याकडे उशिरा आला. विल्यम टेलर 1871 साली मुंबईस आले, आणि आधीपासून मुंबईत फकिरासारखे राहणारे जॉर्ज बोवेन त्यांना मिळाले. मेथडिस्टांत बिशप असतो व पाळकांच्या बदल्या होतात. वडाळ्याची परंपरा काँग्रिगेशनल होती, म्हणजे गावच्या मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा अशी. मात्र खेड्यातील गरिबाला दोन्हीकडे मिळाले ते सारखेच: बसायला जागा, वाचायला अक्षर आणि वहीत नाव.

मंडळीत आले ते बहुतेक महार आणि मांग. ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवी, पाणवठ्यावर येऊ देत नसे, तेच हे लोक. बाप्तिस्मा घेणे सोपे नव्हते. गावच्या देवाची कामे सोडली की बलुत्यावर गदा येई. घरातून रडारड होई, भावकी वाळीत टाकी. चर्चच्या आतही सारे सुरळीत नव्हते. महार आणि मांग यांनी एका पंक्तीस बसावे, एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यावे, ही गोष्ट शिकायला वेळ लागला. आपल्या पूर्वजांचा गौरव करताना हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मुलांना खोटा इतिहास शिकवल्यासारखे होईल.

1876-77 चा आणि पुढे 1896 ते 1900 मधील दुष्काळ आला तेव्हा मिशनने धान्य दिले, कामे काढली, पोरक्या मुलांना सांभाळले. त्यानंतर मंडळ्या वाढल्या. तेव्हापासून ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आमच्या मागे लागला. मला त्याचे उत्तर एवढेच सुचते: धान्य संपले, पाऊस पडला, तरी माणसे पुढच्या रविवारी चर्चमध्ये आलीच. जो पोटासाठी जहाजावर चढला त्याला कोणी हलका म्हणू नये, आणि जो पोटासाठी चर्चच्या दारात आला त्यालाही म्हणू नये. भूक खरी होती आणि नंतरची श्रद्धाही खरी होती.

खेड्यातील चर्च म्हणजे बहुधा एक साधी खोली. रविवारी तिथे उपासना होई आणि इतर दिवशी शाळा भरे. उपदेशक तोच मास्तर. मुलींनाही पाटी मिळे. नगरला सिंथिया फरार बाईंनी चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, हे प्रसिद्धच आहे. माझी आजी अशाच एका खोलीत अक्षरे शिकली. तलाठ्याच्या कागदावर तिच्या पिढीतील इतर बायका अंगठा उठवत, आजी सही करी. मी शिक्षिका झाले त्याची सुरुवात त्या सहीत आहे.

भक्तीची भाषा मात्र परकी राहिली नाही. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात वीणा, टाळ आणि मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांनी त्यात नाव कमावले आणि फेअरबँकांनी या रीतीला उत्तेजन दिले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी ती वाट आणखी रुंद केली. सुगीच्या उपासनेला कोणी बाजरी आणी, कोणी कोंबडी, कोणी कणसे. मग त्यांचा लिलाव होई आणि पैसा मंडळीच्या कामी लागे.

स्वातंत्र्यानंतर नवा पेच आला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. जातीचा डाग राहिला, जातीचा दाखला गेला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील चर्चे त्या एका छत्राखाली आली. अमेरिकन मेथडिस्ट मात्र शेवटच्या घटकेला बाहेर राहिले.

आता त्या चर्चमधील तरुण पुण्यास, मुंबईस, कोणी आमच्यासारखे आखातात. कराराचा कागद आमच्याही हातात आहे. फरक असा की आम्ही परतीची तारीख धरून आलो आणि तुमच्या पूर्वजांना ती धरता आली नाही.

चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न आणि मरण यांची नोंद असते. वेशीबाहेरच्या माणसाचे, त्याच्या बायकोचे आणि लेकराचे नाव आदराने लिहिणारी अशी वही त्या काळी फारशी नव्हती. तुमच्या पूर्वजांची नावे जहाजाच्या यादीत आहेत, कधी चुकीच्या स्पेलिंगात, क्रमांकाखाली. दोन्ही वह्यांचा कागद जुना झाला आहे. या शताब्दीच्या निमित्ताने प्रत्येक घराने एवढे करावे: आजी-आजोबांना माहीत असलेली नावे, गावे आणि नाती एका वहीत उतरवावीत आणि खाली मुलांकडून सही करून घ्यावी.