जागा ‘मिळणे’ आणि जागा ‘निवडणे’ : गिरणगावाच्या निमित्ताने

‘बटाट्याची चाळ’ शिकवताना आम्हांला वर्गात हमखास एक प्रश्न विचारला जातो : स्वस्त आणि गजबजलेली अशी वस्ती आज मुंबईत कुठे सापडेल? विचारणारा विद्यार्थी बहुधा बाहेरगावचा असतो. त्याची विवंचना केवळ वाङ्मयीन नसते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर विनोदी साहित्यात न शोधता गिरणगावाच्या इतिहासात शोधणे आम्हांला योग्य वाटते.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि कोकणातून व घाटावरून माणसे आली. त्यांनी वस्ती कशी निवडली? भाड्याचा विचार होताच. पण त्याआधी अंतराचा होता. बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दाराशी हजर राहावे लागे; लांब राहणे म्हणजे रोजगार बुडवणे. त्यानंतर गाववाल्यांचा आधार. एकाच गावची माणसे एक खोली भाड्याने घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. तिसरा आधार खानावळीचा. महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायकांच्या श्रमांवर ही स्वस्ताई उभी होती, याची नोंद चाळीच्या स्मरणरंजनात क्वचितच होते.

गजबजही अशीच अभावातून जन्मली. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सुधार मंडळ आले, 1920 नंतर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तेथील खोली अवघ्या 160 चौरस फुटांची, शौचालय सामायिक. आत मावेना ते आयुष्य गॅलरीत आणि रस्त्यावर आले. भजनी मंडळे, व्यायामशाळा, नमन, दशावतार, पुढे कलापथके यांना प्रेक्षक लाभले ते त्यामुळेच.

तथापि ही निवड सर्वांना मोकळी नव्हती. गिरणीतील विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे कारण. वस्त्याही जातवार विभागलेल्या असत. परदेशी उच्चशिक्षण घेऊन आलेल्या डॉ. आंबेडकरांना 1917 मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळू शकली नाही. परळच्या बीआयटी चाळीत मात्र त्यांनी अनेक वर्षे काढली. ‘जागा मिळाली’ या साध्या मराठी वाक्प्रयोगात निवडीपेक्षा नशीब, ओळख आणि जात यांचाच वाटा अधिक आहे. बाबुराव बागुलांच्या कथा वाचताना ही बाब विसरून चालणार नाही.

1947 च्या कायद्याने भाडी गोठली. भाडेकरू टिकले, पण मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे उभ्या राहिल्या नाहीत. 1991 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनींवरील बांधकामाचा मार्ग खुला केला. जेथे भोंगे वाजत तेथे मनोरे आले. पत्ता तोच राहिला. परंतु पायी गाठता येणारे काम, उधारीवर जेवू घालणारे घर आणि गोठलेले भाडे हे तिन्ही आधार सुटत गेले.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही वस्तीचे नाव सांगत नाही. कामाची जागा किती दूर आहे, उधारीवर कोण जेवू घालील आणि आपल्याला खोली नाकारली जाण्याची भीती आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारा, एवढेच म्हणतो. तिसरा प्रश्न विचारताच वर्गात शांतता पसरते. आमच्या मते चाळीवरचा तास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.