३८ विरुद्ध १३

आमच्या बीड जिल्ह्यात एखाद्या पुढाऱ्याला 'मवाळ' म्हटले तर तो गौरव समजला जात नाही. आवाज चढवल्याशिवाय सभा झाल्यासारखी वाटत नाही, असा हा मुलूख. १९६७ साली या मतदारसंघाने साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर पाठवले, यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे आम्ही गोपाळ कृष्ण गोखल्यांविषयी लिहायला घेतले तेव्हा आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले, गोखले आणि बीड यांचा संबंध काय? प्रश्न रास्त होता. गोखले कायदेमंडळात बोलत होते त्या काळी बीड निजामाच्या राज्यात होते. त्यांना निवडून देणाऱ्यांत आमच्या पणजोबांपैकी कोणी असणे शक्यच नव्हते. तरीही संबंध आहे, आणि तो उसाच्या फडातून जातो.

गोखले आपल्याला भेटतात ते बहुधा 'टीपा लिहा' या सदरात. गांधीजींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाजाचे संस्थापक, सुरतेच्या फुटीतले मवाळांचे पुढारी. चार गुण मिळतात, विषय संपतो. या चार गुणांत त्यांचा खरा उद्योग येत नाही. गोखले हे मुळात कायदेमंडळाचे सभासद होते. ९ मे १८६६ रोजी कोतळूकला जन्मलेला, १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून पदवी घेतलेला हा तरुण पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा ७५ रुपयांवर मास्तर झाला. (वेतन आयोगाच्या थकबाकीचे हिशेब करण्यात हयात घालवलेल्या आम्हां प्राध्यापकांना हा आकडा अडचणीचा वाटतो.) त्यांनी शिकवलेल्या विषयांत गणित होते, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे कित्येक वर्षे शाळांतून चालले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली कागद तपासण्याची जी शिस्त लागली ती वेगळीच.

ही शिस्त एकदा मोडली होती. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत होते. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना मिळाली आणि तो आरोप त्यांनी तिथल्या वृत्तपत्रातून मांडला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. ज्यांनी लिहिले होते त्यांची नावे सांगायची नाहीत, आणि नावांवाचून आरोप टिकायचा नाही, अशा कोंडीत त्यांनी जाहीर माफी मागितली. तीही पूर्ण, आडपडदा न ठेवता. पुणे त्यांच्यावर तुटून पडले. अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना तोंड उघडणे अवघड झाले. ही माफी भित्रेपणाची होती की प्रामाणिकपणाची, यावर अजून वाद घालता येईल. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. त्यानंतरचे गोखले मात्र सरकारचाच आकडा घेतल्याशिवाय सरकारविरुद्ध बोलले नाहीत.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा. सावकारापासून बचाव, असे त्याचे गोंडस रूप होते. गोखल्यांचे म्हणणे असे, की याने शेतकऱ्याची पत बुडेल आणि तो सरकारचा कूळ होऊन बसेल. सरकार ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहता उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागोमाग गोखलेही. मवाळांचा सभात्याग!

१९०२ मध्ये ते मोठ्या लाटसाहेबांच्या कायदेमंडळात गेले. तिथे अंदाजपत्रकावर बोलता येत असे, मत देता येत नसे. म्हणजे वर्षातून एकदा मन मोकळे करायचे आणि घरी जायचे. पहिल्याच भाषणात, २६ मार्च १९०२ रोजी, त्यांनी सुमारे ७ कोटी रुपयांच्या शिलकीलाच हात घातला. प्रजा दुष्काळात मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ राज्य सुखी आहे असा नाही, कर जास्त आहेत असा आहे. हे साधे गणित त्यांनी सरकारच्याच पुस्तकातून मांडले. आकड्यांच्या या कामात त्यांना आधार होता सोलापूरच्या सरकारी शाळेत हेडमास्तरकी केलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांचा. सोलापूर म्हणजे आमच्या शिवेवरचे शहर. तिथल्या एका शिक्षकाचे टाचण कलकत्त्याला व्हाइसरॉयपुढे वाचले जात होते, ही गोष्ट आम्हांला मोहवते. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांचे नाही. पण दरवर्षी हा विषय काढणारा माणूस तेच होते.

१९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची मुभा दिली, तेव्हा त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळचा प्रश्न आणला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८६० पासून हिंदी मजूर गिरमिटावर नेले जात होते. गिरमिट म्हणजे पाच वर्षांचा करार. मोडला तर तुरुंग. काम मुख्यतः उसाच्या मळ्यांवर. ही भरती थांबवण्याचा ठराव सरकारने मान्य केला आणि १९११ मध्ये नाताळची भरती बंद झाली. सर्वच वसाहतींची भरती थांबवा, हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र पडला.

त्याच मार्चमध्ये दुसराही पराभव झाला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. मागणी नवी नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे ती केली होती आणि सयाजीरावांनी १९०६ पासून सबंध बडोदा संस्थानात ती अमलात आणली होती. गोखल्यांचे विधेयक तुलनेने फार बेताचे होते. सक्ती कोणावरही लादायची नाही. ज्या नगरपालिकेला वा लोकल बोर्डाला हवी तिने सरकारच्या परवानगीने आणायची. तीही जिथे आधीच काही प्रमाणात मुले शाळेत जातात अशाच भागात; हे प्रमाण त्यांनी ३३ टक्के सुचवले. वय सहा ते दहा. आधी मुलगे, मुली पुढे यथावकाश. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्याला फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारचा.

इतके कमी मागूनही ते मिळाले नाही. लोकांचीच मागणी नाही, प्रांतिक सरकारे प्रतिकूल आहेत, पैसा नाही, अशी सरकारची उत्तरे होती. शेतमजुरांची पोरे शाळेत बसली तर शेतात राबायचे कोणी, ही जमीनदारवर्गाची चिंता होती. जिना आणि मालवीय यांनी बाजू घेतली, पण सरकारी बहुमतापुढे उपयोग नव्हता, हे गोखल्यांनाही ठाऊक होते. १९ मार्च १९१२ रोजी मतमोजणी झाली: विरोधात ३८, बाजूने १३. समारोपात त्यांनी तक्रार केली नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा आहे, अशा आशयाचे ते बोलले. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

विधेयक मात्र पडून राहिले नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात जवळपास तोच आराखडा कायदा करून घेतला. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांची मुदत घातली, ती टळली. २००२ ची घटनादुरुस्ती, २००९ चा कायदा, आणि १ एप्रिल २०१० रोजी अंमल. १३ मतांचे विधेयक देशाचा कायदा व्हायला ९८ वर्षे लागली.

पण गोखल्यांचा गौरव करून थांबावे, तर आमच्या जिल्ह्यातला कार्तिक आड येतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांतून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने फडात. उचल म्हणजे गिरमिट नव्हे. ती मोडली म्हणून कायदा तुरुंगात धाडत नाही. तरी आगाऊ रक्कम, ठरलेला हंगाम आणि समोर ऊस, एवढे साम्य डोळ्यांआड करता येत नाही. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहे झाली. त्यांनी काही मुले राखली. बाकीची आईबापांबरोबर जातात, आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला जी राहते ती बहुधा मुलगीच असते. जी यातूनही बारावी होऊन आमच्या वर्गात पोचतात, त्यांपैकी काहींची नावे दिवाळीनंतर हजेरीपटावर नुसतीच उरतात.

म्हणून ते विधेयक आम्ही या वेळी नीट, सावकाश वाचले. ३३ टक्क्यांच्या अटीने आमच्यासारखा मुलूख, तो ब्रिटिश हद्दीत असता तरी, बाहेरच राहिला असता, हे आधी जाणवले. मग दंडाची तरतूद पाहिली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता, पण सबळ कारण असेल तर माफीही होती. सबळ कारणे कोणती, हेही गोखल्यांनी सांगून ठेवले होते: आजारपण, घरची अडचण, आणि शेतीच्या हंगामाची गरज.