धवलारणीचा यजमान

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'धवळे' हा शब्द आला की त्यापाठोपाठ महदंबेचे नाव येते आणि बहुधा चर्चा तिथेच थांबते. आद्य मराठी कवयित्री, महानुभाव पंथ, तेरावे शतक, रुक्मिणीस्वयंवराचे आख्यान एवढी माहिती परीक्षेला पुरते. धवळे हे लग्नात म्हणायचे गाणे आहे, म्हणजे ते म्हणणारी कुणीतरी असते आणि तिला बोलावणारे कुणीतरी असते, ही साधी गोष्ट मात्र या चर्चेत निसटते. कवीला श्रोता कसा मिळाला, हे आपण राजदरबाराच्या संदर्भात विचारतो. लग्नघरात गाणाऱ्या बाईला तिचा यजमान कसा मिळाला आणि सोबतीण कशी मिळाली, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

धवळ्यांची परंपरा महदंबेपासून सुरू होत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त प्रबंधांचे प्रकार सांगताना ओवीबरोबर 'धवल' आणि 'मंगल' यांचीही नोंद केली आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रकाराला दखल घ्यावीशी वाटली, याचा अर्थ लोकांत तो प्रकार त्याआधीच रुळलेला असणार. गुजरातीतला 'धोळ' याच कुळातला. उत्तर कोकणात हा शब्द आजही जिवंत आहे, फक्त त्याचा उच्चार बदलला आहे. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे धवळ्यांचे धवले झाले आणि ते म्हणणारी ती धवलारीन. लिहिताना आपण शेवटच्या 'न'चा 'ण' करतो आणि 'ल' तसाच ठेवतो. प्रमाणभाषेची ही अर्धवट दुरुस्ती मोठी बोलकी आहे.

उरण तालुक्यातले मोरा हे बंदर मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचमुळे ठाऊक असते. बंदराला लागून कोळीवाडा आहे आणि मागे उरणच्या परिसरात भातशेती नि मिठागरे करणाऱ्या आगऱ्यांची गावे. या पट्ट्यातल्या आगरी लग्नांत, आणि काही प्रमाणात कोळी लग्नांतही, धवलारणीचे स्थान केवळ गाणारीचे नव्हते. मांडव, देवक, तेल, हळद या प्रत्येक विधीला तिचा धवला असे, आणि धवला सुरू झाल्याशिवाय विधी सुरू होत नसे. पुढे काय करायचे हे तिच्या गाण्यातूनच घरच्या बायकांना समजे. वारली समाजातली धवलेरीही लग्न असेच गाऊन लावते. म्हणजे ज्याला आपण लोकगीत म्हणून बाजूला काढतो, तो त्या मांडवात मंत्र होता आणि कार्यक्रमपत्रिकाही होता.

असे महत्त्वाचे काम करणारी ही बाई कुणाची वतनदार नव्हती, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. बारा बलुतेदारांच्या परिचित यादीत धवलारीण नाही. गोंधळ्याचा वारसा घराण्यातून चालतो, ग्रामजोशाला तर गावच्या यजमानांवर हक्कच होता. तो हक्क किती पक्का होता, हे १८८०च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला दिसले. तिथे सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून लग्न लागले, तेव्हा डावलले गेलेल्या जोशांनी आपल्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. बोलावले नाही तरी माझे देणे द्या, असे म्हणण्याची सोय वतनात असते. धवलारणीला बोलावले नाही तर तिच्याजवळ दाद मागण्याचे कोणतेही ठिकाण नव्हते. तिचा यजमान तिला दरवेळी नव्याने मिळवावा लागे.

वतन नसले की दप्तर नसते, आणि दप्तर नसले की इतिहास लिहिणे अवघड होते. उरणजवळ रानवड आणि चांजे येथे शिलाहार राजा सोमेश्वराचे शिलालेख मिळाले आहेत. ते शके ११८१ आणि ११८२चे, म्हणजे महदंबेच्याच काळातले. दगडावर राजा येतो, दान येते, दानाची जमीन येते. सहाशे वर्षांनी, १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये उरणच्या मिठाचा आणि दारूच्या भट्ट्यांचा तपशील येतो, कारण त्यांवर सरकारला महसूल मिळत होता. धवल्यावर कर नव्हता.

मग तिला काम मिळे कसे? याचे उत्तर लग्नाच्या मांडवातच शोधावे लागते. तिचे गाणे ऐकायला बसलेल्या बायकांत पुढच्या दोन-चार वर्षांत ज्यांच्या घरी कार्य निघणार अशा कितीतरी असत. कुणाच्या सुनेचे माहेर पलीकडच्या गावात, कुणाची लेक मुंबईच्या कोळीवाड्यात दिलेली. धवला कुठे अडखळला, कुणाचे नाव घ्यायचे राहिले, मामाचा मान आधी की आत्याचा, हे सारे त्या नजरेखालून जाई. बाई पक्की आहे की नाही याचा निवाडा तिथल्या तिथे होई आणि तो नात्यांच्या वाटेने गावोगाव पोहोचे. पाण्यावरून जाणारी वाटही त्यातच आली. मासळी घेऊन मुंबईला जाणाऱ्या बायकांच्या बोलण्यात बाजारभावाबरोबर लग्नेही असणारच. नंतर एखाद्या दिवशी नारळ-सुपारी घेऊन कुणी दारात येई, "मावशे, आमचे घरी कार्य हाय" असे काहीसे सांगे, आणि तारीख ठरे. देणेघेणे म्हणजे लुगडे, तांदूळ, नारळ, पुढे पुढे रोख रक्कम. घासाघीस करणे दोन्ही बाजूंना कमीपणाचे वाटे, त्यामुळे मोबदल्याची रक्कम मानपानाच्या आड लपलेली राही. हे मोठे शालीन वाटते खरे, पण त्या शालीनतेचा फायदा नेहमी गाणारीलाच झाला असेल असे मानण्याचे कारण नाही.

सोबतिणीही तिला याच जागी मिळत. धवला एकटीने रेटायचा नसतो, एकीने ओळ टाकायची आणि दुसरीने ती झेलायची. झेलणारी अनेकदा शिकाऊ असते. वही नाही, गुरुपूजन नाही. मागे बसून ओळ उचलता उचलता एक दिवस पुढची ओळ आपल्यालाच आधी सुचते, एवढीच दीक्षा. शिवाय विधी वधूच्या घरी आणि वराच्या घरी असे दोन्हीकडे असल्याने दोन गावांच्या धवलारणी एकमेकींच्या कानांवर पडत. प्रतिस्पर्धी आणि सहकारी या दोन भूमिका इथे वेगळ्या काढता येत नाहीत. जिच्यामुळे आपले एक लग्न जाऊ शकते, तिच्याचकडून आपल्याला न येणारा धवला उचलता येतो. एकाच दिवशी दोन बोलावणी आली तर एक यजमान तिच्याकडे पाठवावाही लागतो. अभ्यासक मौखिक परंपरेतल्या पाठभेदांवर पुष्कळ लिहितात, पण हे पाठभेद कुणाच्या शेजारी कोण बसले यावर ठरले असण्याची शक्यता फारशी तपासत नाहीत.

महाराष्ट्रात कलावंत आणि यजमान यांच्या भेटीची उघड बाजारपेठही आहे. जुन्नर तालुक्यातल्याच नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. तिथे भाव बोलला जातो, तारीख लिहिली जाते, इसार घेतला जातो. धवलारणीच्या व्यवहाराला अशी राहुटी कधी लाभली नाही. तिची बाजारपेठ म्हणजे सोयरिकींचे जाळे, आणि ते जाळे गावे जागच्या जागी असतील तोवरच टिकणारे.

ती तशी राहिली नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या गावांची जमीन संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेव्याच्या कोळीवाड्याला आपली जागा सोडावी लागली. मोबदल्याचा पैसा आला तसा लग्नाचा थाटही बदलला. हळदीची रात्र मोठी होत गेली, बँजो आला, मागोमाग कॅसेटवरची आगरी-कोळी गीते आणि डीजे आले. यात रडण्यासारखे सगळेच आहे असे मला वाटत नाही. बँजो वाजवणारी पोरेही त्याच गावांतली, आणि त्यांनाही काम एका हळदीतून दुसऱ्या हळदीत असेच मिळत गेले. फरक असा की स्पीकर लागल्यावर ओळ झेलणारीला ओळ ऐकूच येत नाही. धवलारणीला बोलावणे आले तरी ते विधीपुरते, पाच-दहा मिनिटांचे. एवढ्या वेळात मागे बसलेली मुलगी काय उचलणार? यजमान कमी झाले याच्यापेक्षा सोबतीण तयार होण्याची जागा गेली, हे नुकसान मला अधिक खोलवरचे वाटते. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. मुंबईतला पाहुणा आता मुहूर्ताला येऊन जेवून परत जाऊ शकतो. रात्रभर मांडवात बसणारा श्रोता त्याबरोबर आणखी विरळ होईल.

या सगळ्यानंतर महदंबेकडे परत गेले की तिचे धवळे थोडे वेगळे दिसू लागतात. ऋद्धिपुरात १२८६च्या सुमारास वृद्ध गोविंदप्रभूंनी लग्नाचा घाट घातला. त्या लीळेतल्या लग्नासाठी धवळे म्हणण्याचे काम महदंबेकडे आले. ती बालविधवा होती. एरवी ज्या मांडवात तिला उभे राहू दिले नसते, तिथे तिचे गाणे पुढे झाले. पूर्वार्ध असा यजमानाच्या इच्छेतून जन्मला. उत्तरार्ध तिने पुढे पंथातल्या सहकाऱ्यांच्या आग्रहावरून रचला, असे परंपरा सांगते. एकाच काव्याचा अर्धा भाग बोलावणाऱ्याचा आणि अर्धा सोबत्यांचा. हे आपल्याला समजते, कारण महानुभावांनी कोणत्या प्रसंगी कोण काय म्हणाले याच्या नोंदी जिद्दीने ठेवल्या. उरण-मोऱ्याचे धवले टिपून घ्यायला जाणारे विद्यार्थी शब्द उतरवतात, चाल ध्वनिमुद्रित करतात आणि वर 'लोकगीत' असे शीर्षक घालतात. ओळ झेलायला शेजारी कोण बसली होती आणि या घरी बोलावणे कुणाच्या सांगण्यावरून आले, यासाठी वहीत रकाना नसतो.