जातं, पाळणा आणि वॉर्डातला इअरफोन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव हिमायतनगर, म्हणजे जुनं वाढोणा. आजचा प्रश्न साधा आहे. गरोदरपणात काही गुंतागुंत झाली म्हणून दवाखान्यात पडून राहिलेल्या बाईला गाणं ऐकवलं तर तो इलाज, की नुसता टाइमपास?

उत्तर शोधायला जरा मागे जाऊ. सुश्रुतसंहितेत गरोदर बाईला 'दोन हृदयांची' म्हटलंय, एक तिचं आणि एक बाळाचं. तिला काय हवं-नको ते बघा, असंही सांगितलंय. आपले डोहाळे ते हेच. चरकसंहिता तर आणखी पुढे जाते. बाळंतपणानंतर दहा-बारा दिवस मैत्रिणींनी बाळंतिणीजवळ जागावं, त्या घरात गाणं-वाजवणं चालू असावं आणि जीव लावणारी, आनंदी माणसं असावीत, असं तिथं लिहिलंय. वैद्यकाच्या ग्रंथात! म्हणजे औषध, खाणं आणि गाणं एकाच यादीत.

आता आपल्या भागात येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या शेजारचंच. म्हणजे बायांच्या ओवीला किमान नऊशे वर्षांचा पुरावा आहे.

या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, लेकरू आहे, बाळंतपणाची धास्तीही आहे. पहाटे जात्यावर दोघी बसायच्या आणि सासूसमोर बोलता येत नाही ते गाण्यात बोलून टाकायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल हा संगणक आणि संगीत दोन्ही कळणारा माणूस त्यांना येऊन मिळाला. त्याने डेटाबेस बांधला, रेकॉर्डिंग केलं. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचं भारी कौतुक! आज हा ठेवा 'पारी'च्या वेबसाइटवर फुकट ऐकता येतो.

मग गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. बाळंतपणही घरातून दवाखान्यात गेलं. आणि बरंच झालं! महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ पर्यंत ती जवळपास ९५ टक्क्यांवर गेली. २०१८-२० च्या आकड्यांत राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू होते, देशात ९७. ओव्यांनी रक्तस्राव थांबत नाही. जुन्या काळात गाणं होतं, पण बाया मरायच्याही, हे विसरून चालणार नाही.

फक्त एक झालं. दवाखान्यात जीव वाचला, पण सोबत सुटली. माझी ताई आठव्या महिन्यात बीपी वाढल्यामुळे नांदेडला अॅडमिट होती. डोहाळजेवण रद्द. तेव्हा मावश्यांनी डोहाळ्याची गाणी व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून पाठवली. बीपी गोळ्यांनीच उतरलं. पण 'रात्री ते ऐकलं की मला झोप लागायची', असं ताई म्हणते.

संशोधन काय म्हणतं? तैवानमध्ये २३६ गरोदर बायांवर अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. ज्यांनी दोन आठवडे संगीत ऐकलं, त्यांचा ताण, चिंता आणि उदासी कमी झाली. चीनमध्ये पूर्ण विश्रांती सांगितलेल्या १२० बायांपैकी एका गटाला सलग तीन दिवस रोज अर्धा तास संगीत ऐकवलं. त्यांची चिंता उतरली. लक्षात घ्या, उतरली ती चिंता, आजार नाही. आणि गाणं ऐकून बाळ हुशार होतं, असंही यातून सिद्ध होत नाही.

मला वाटतं, चरकाची यादीच बरोबर होती: औषध, खाणं, गाणं आणि माणसं. यातलं एकही दुसऱ्याची जागा घेत नाही.

तुमच्या घरातलं कुणी अॅडमिट असेल तर एवढं करा. गाणी तिलाच निवडू द्या. भजन असो, भीमगीत असो, कव्वाली असो की अजय-अतुल. आवाज हळू ठेवा, शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही झोपायचं असतं. इअरफोन पोटावर नको, कानाला. आणि डोकं जास्त दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर गाणं बंद करून आधी सिस्टरला हाक मारा.

आणि हो, घरात आजी असेल तर तिच्या आवाजात एक पाळणा आजच रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!