घाम टिपायचा, पुसायचा नाही

नाटकाचं भाषांतर करताना मला संवादांपेक्षा कंसातल्या सूचना जास्त छळतात. कुठे थांबायचं, कुठे चाचरायचं. ‘ट्वेंटी-वन’ या अमेरिकी प्रश्नमंजूषेच्या चौकशीबद्दल वाचताना मला अशाच सूचना सापडत गेल्या.

१९५६च्या सप्टेंबरात एनबीसीवर आलेला तिचा पहिला भाग प्रामाणिक होता आणि म्हणूनच पडला. स्पर्धकांना उत्तरंच येईनात. प्रायोजक भडकले. मग निर्माता डॅन एनराइटने उत्तरं आधीच पुरवायला सुरुवात केली. पण माझ्या मते उत्तरं फोडणं हा त्यातला किरकोळ भाग. खरी मेहनत होती ती पात्ररचनेवर. हर्ब स्टेम्पेलची सासरकडून परिस्थिती बरी होती, पण त्याला गरीब विद्यार्थी म्हणून उभं केलं: सासऱ्यांचा जुना ढगळ सूट, सैनिकी हजामत, मोठ्याने टिकटिकणारं स्वस्तातलं घड्याळ. काचेच्या खोलीतलं वातानुकूलन बंद. घाम रुमालाने टिपायचा, पुसायचा नाही. सूत्रसंचालकाला ‘जॅक’ नव्हे, ‘मिस्टर बॅरी’ म्हणायचं. मराठीत मी इथे ‘बॅरीसाहेब’ लिहिलं असतं. तो दबलेपणा त्याशिवाय उतरत नाही.

डिसेंबरात त्याला हरायला सांगितलं. १९५५चा ऑस्करविजेता चित्रपट कोणता? ‘मार्टी’ हा त्याचा आवडता चित्रपट, अनेकदा पाहिलेला. त्याने ठरल्याप्रमाणे ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हटलं. जिंकला तो कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन. अवघड प्रश्न आधी सोडून द्यायचा आणि मग आठवल्यासारखं करून परत त्याच्याकडे यायचं, हे त्याने घोटून घेतलं होतं. त्याने १,२९,००० डॉलर मिळवले.

स्टेम्पेल १९५७पासून खरं सांगत होता. लोकांना तो मत्सरी वाटला. आधी ठिगळं लावून त्याला दयनीय केलं, मग त्याच रूपाने त्याची साक्ष हलकी केली. मला सगळ्यात क्रूर हे वाटतं. व्हॅन डोरेनने १९५९च्या नोव्हेंबरात संसदीय समितीसमोर कबुली दिली. अशा फसवणुकीविरुद्ध तेव्हा कायदाच नव्हता. तो १९६०मध्ये झाला.

निर्विवाद पुरावा दिला जेम्स स्नॉडग्रास या चित्रकाराने. मिळालेली उत्तरं त्याने प्रक्षेपणाआधी लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवली होती. ते बंद पाकीट समितीसमोर फोडलं. स्नो व्हाइटच्या सात बुटक्यांची नावं त्यात होती, आणि ती सांगताना मध्ये कुठे थांबायचं, तेही.